नोकरी सांभाळून घरून भाषांतराचं काम: सोलापुरातले माझे पंधरा महिने

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात मी अकाउंट्स बघते. २०१६ पासून तिथेच आहे. कायम नोकरी, वेळेवर पगार, पीएफ, सगळं व्यवस्थित. पण मिस्टर लूमवर जॉबर आहेत, म्हणजे मागांची जुळणी-दुरुस्ती बघतात, आणि टॉवेलच्या ऑर्डरी कमी झाल्या की त्यांच्या पाळ्याही कमी होतात. जून २०२४ मध्ये मुलीच्या आठवीच्या क्लासची फी २४,००० रुपये सांगितली तेव्हा आम्ही दोघं रात्री कागदावर आकडेमोड करत बसलो. महिन्याला आठ-दहा हजार जास्तीचे लागणार होते. माझी नोकरी सोडून चालणार नव्हतं आणि संध्याकाळी बाहेर दुसरीकडे जाणंही जमणारं नव्हतं. राहिलं एकच, घरी बसून काहीतरी.

तिथपासून आयकराचं रिटर्न भरून होईपर्यंतचा प्रवास इथे लिहीत आहे. सुरुवात करताना मला असं तारीखवार कुणी सांगितलं असतं तर बऱ्याच रात्रींची झोप वाचली असती.

पहिलंच पाऊल चुकलं. ‘घरबसल्या टायपिंग, नोंदणी फक्त १,९९९’ अशी जाहिरात मोबाइलवर आली. मराठी टायपिंगची ३० शब्दांची परीक्षा मी पास आहे, त्यामुळे वाटलं हे आपल्याला जमेल. पैसे भरले, एका करारावर ऑनलाइन सही केली आणि पाच दिवसांत ६०० पानं टाइप करायला घेतली. रोज रात्री दोन वाजेपर्यंत जागून ती पुरी केली. सहाव्या दिवशी निरोप आला: अचूकता ९० टक्क्यांपेक्षा कमी आहे, करार मोडला, ६,८०० रुपये भरा, नाहीतर कोर्टात खेचू. सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर शिक्के मारलेली नोटीस. ती बघून माझे हातपाय गार पडले. दोन दिवस घरात कुणाला सांगितलं नाही, ऑफिसात व्हाउचर लिहितानाही डोळ्यांपुढे तो शिक्काच दिसायचा. शेवटी मिस्टरांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, ‘अगं, काम देणारा कधी पैसे घेतो का?’ त्याच रात्री आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार नोंदवली. १,९९९ परत आले नाहीत. नंबर ब्लॉक केले, तरी नवनवीन नंबरांवरून तीन आठवडे फोन येत राहिले आणि मग थांबले. कुठलंही कोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवरून अशी वसुली करत नाही, हे तेव्हा कुणीतरी ठामपणे सांगायला हवं होतं. तुमच्यापैकी कुणी आत्ता त्या भीतीत असेल तर घरात सांगा आणि १९३० लावा. एकटीनं सोसू नका.

या सगळ्यात मूळ प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता: मला येतं काय? उत्तर ऑफिसच्या भिंतीवरच होतं. परदेशी खरेदीदाराचं ऑडिट असलं की आग लागल्यावर कुठून बाहेर पडायचं, जादा तासांचे पैसे कसे मोजतात, तक्रार कुणाकडे करायची, हे फलक कामगारांना कळेल अशा भाषेत लावावे लागतात. आमच्याकडे ते मराठी आणि तेलुगूत लागतात. इंग्रजीवरून मराठी करायचं काम गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे. मी ते काम म्हणून कधी मोजलंच नव्हतं.

भाषांतराच्या कामाला लागण्याआधी नेमणूक पत्र काढलं. अकराव्या कलमात स्पष्ट होतं: व्यवस्थापनाच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय दुसरी नोकरी किंवा व्यवसाय करता येणार नाही. ओळखीतल्या दोघी-तिघी म्हणाल्या, कशाला विचारतेस, कुणाला कळतंय. पण मी स्वतः अकाउंट्समध्ये आहे. भाषांतराच्या पैशांवर टीडीएस, म्हणजे देणाऱ्यानं आधीच कापून भरलेला आयकर, कापला की तो पॅनवर दिसतो, रिटर्नमध्ये येतो. आणि आठ वर्षं ज्यांच्या कॅशबॉक्सची किल्ली माझ्याकडे आहे त्यांच्यापासून लपवून काही करणं माझ्या मनाला पटेना.

८ जुलैला अर्ज दिला. एक पान, साधं मराठी. काम कोणतं, कधी करणार, कुठल्या यंत्रावर करणार आणि कोणतं करणार नाही, हे चारही लिहिलं. चार दिवसांनी एचआरच्या साहेबांनी बोलावलं. त्यांनी तेव्हाच्या कारखाने अधिनियमातल्या कलम ६० चा विषय काढला. एका कारखान्यात काम केलेल्या कामगाराला त्याच दिवशी दुसऱ्या कारखान्यात कामाला लावता येत नाही, असं ते कलम. माझं काम कारखान्यातलं नव्हतं, त्यामुळे ते आड येत नव्हतं. मग साहेबांनी खरी शंका विचारली. ‘मॅडम, रात्री जागून सकाळी एंट्री चुकली तर?’ प्रश्न योग्यच होता. मी म्हणाले, ‘साहेब, एका वर्षापुरती परवानगी द्या. काम बिघडलं तर पुढे देऊ नका.’ शेठजींची सही होऊन २ ऑगस्टला पत्र हातात आलं. अटी चार: कामाच्या वेळेबाहेरच करायचं, ऑफिसचा संगणक आणि ईमेल वापरायचा नाही, कुठल्याही टेक्स्टाइल कंपनीचं काम घ्यायचं नाही, मुदत एक वर्ष. अर्जावर तारखेसह पोच घ्यायला मात्र विसरू नका. माझ्या मैत्रिणीनं तोंडी विचारलं होतं, तिला मिळालेला होकार साहेब बदलल्यावर कुणालाच आठवेना. सरकारी नोकरीत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू होतात आणि तिथे शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यवसाय करताच येत नाही. ती वाट वेगळी आहे.

ऑगस्ट तयारीत गेला. जुना लॅपटॉप १८,५०० ला घेतला. आमच्यासाठी ती मोठी रक्कम होती, भिशीचे पैसे त्यात घातले. मी टायपिंग शिकले टाइपरायटरवर, रेमिंग्टनच्या पद्धतीनं. आता युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, टाइप करायला इनस्क्रिप्ट कळफलक शिकले. बोटांना जुनी सवय मोडायला तीन आठवडे लागले, पण त्यानंतर वेग आला. जुन्या फाँटमध्ये केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा नुसता चिवडा दिसतो. भाषांतराचं काम देणाऱ्या एजन्सी ती घेतच नाहीत. ओमेगाटी हे फुकट मिळणारं भाषांतराचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. वाक्य तुकड्यातुकड्यानं समोर येतं, आधी केलेलं वाक्य पुन्हा आलं की जुनं भाषांतर आपोआप दाखवतं. ऑफिसचे फलक बाहेर वापरायचे नव्हते, म्हणून सरावाला वीजबिलामागच्या सूचना आणि औषधाच्या खोक्यातले कागद घेतले.

सप्टेंबरमध्ये मेल पाठवायला लागले. प्रोझ या भाषांतरकारांच्या संकेतस्थळावर प्रोफाइल केली. तिथल्या ब्लू बोर्डवर भाषांतरकार एजन्सींबद्दलचे अनुभव नोंदवतात, पैसे वेळेवर मिळतात की नाही याचा अंदाज येतो. एकूण ४३ एजन्सींना लिहिलं. नऊ जणांचं उत्तर आलं, चौघांनी चाचणी दिली. चाचणी म्हणजे २५०-३०० शब्द, बिनपैशाचे, आणि तेवढं मान्य करावं लागतं. कुणी हजार-दोन हजार शब्दांची ‘चाचणी’ मागितली तर ते फुकटात काम करून घेणं आहे, तिथे सरळ नकार द्या.

पहिल्या चाचणीत नापास झाले, आणि तीच मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली, कारण तपासणाऱ्यानं शेरे लिहून पाठवले होते. बँकेच्या अ‍ॅपमधला निरोप होता. मी लिहिलं होतं, ‘आपल्या विनंतीवर प्रक्रिया केली जाऊ शकली नाही.’ शेरा होता: ‘हे कुणाला कळेल?’ मला फार लागलं. सोलापुरात शिकलो, घराबाहेर पडलं की कानावर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळंच, म्हणून आपलं मराठी कमी पडतं की काय, असा सल बसला. दुसऱ्या रात्री तेच वाक्य मी मोठ्यानं वाचत होते. सासूबाई पलंगावर पडल्या पडल्या म्हणाल्या, ‘काय वाचलालीस गं? असं कोण बोलतंय?’ त्यांनी जन्मभर विड्या वळल्या. आता पेन्शन बँकेत येते आणि मोबाइलवर आलेला प्रत्येक मेसेज त्या माझ्याकडून वाचून घेतात. मी विचारलं, ‘आई, मग कसं म्हणू?’ ‘तुमचं काम झालं नाही, जरा वेळानं परत बघा, असं म्हण की.’ मी लिहिलं: ‘तुमची विनंती पूर्ण झाली नाही. थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करा.’ त्या रात्रीपासून प्रत्येक फाइल पाठवण्याआधी त्यातली काही वाक्यं मी त्यांना वाचून दाखवते. मजकूर गोपनीय असतो, म्हणून कंपनीचं नाव, आकडे काही सांगत नाही, नुसतं एखादं सुटं वाक्य.

दुसऱ्या चाचणीचं उत्तर आलंच नाही. तिसऱ्या एजन्सीनं शब्दाला ४० पैसे देऊ केले. मी तासाला साधारण २८० शब्द नीट करू शकते, म्हणजे तासाला ११२ रुपये. नाही म्हटलं. नाही म्हणताना घशाशी आलं होतं, कारण हातात दुसरं काही नव्हतं. चौथी एजन्सी ऑक्टोबरअखेर ९० पैशांवर तयार झाली. पॅन, रद्द केलेला चेक, गोपनीयतेचा करार, बँकेचा तपशील अशी कागदपत्रं पाठवली. टायपिंगच्या अनुभवामुळे करार तीनदा वाचला. आपल्याकडून पैसे मागणारं किंवा अचूकतेवर दंड लावणारं कलम त्यात नव्हतं.

१४ नोव्हेंबर २०२४ ला पहिली फाइल आली. विम्याच्या अ‍ॅपचा मजकूर, २,३०० शब्द. बिल करताना कळलं की पैसे १,८४० शब्दांचेच. पुन्हा पुन्हा येणाऱ्या वाक्यांना कमी दर असतो आणि सगळं मिळून जो भारित आकडा निघतो त्यावर बिल होतं. हे काम घेण्याआधीच विचारा. बिल झालं १,६५६ रुपये. त्या फाइलमध्ये ‘नॉमिनी’ हा शब्द अकरा वेळा होता. मी आधी ‘वारसदार’ लिहिलं. सासूबाई म्हणाल्या, ‘नॉमिनीच म्हण. वारसदार म्हटलं की लोकांना वाटतंय, मरायची वेळ आली.’ आणि कायद्यानंही ते दोन शब्द एक नाहीत. नॉमिनी म्हणजे वारस, असं होत नाही. ‘नॉमिनी’ ठेवलं. त्या फाइलवर एकही शेरा आला नाही.

पैसे आले १७ जानेवारी २०२५ ला. बिल महिनाअखेरीस, त्यापुढे ४५ दिवस, असा करार होता. दहा टक्के टीडीएस जाऊन १,४९० रुपये. मेसेज आला तेव्हा मी सात रस्त्याला रिक्षात होते. रक्कम लहान होती, पण ती मी माझ्या भाषेवर मिळवली होती. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा चालू होती, त्या संध्याकाळी मुलीला आणि सासूबाईंना घेऊन यात्रेत गेले.

त्याच महिन्यात उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, केली. सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर ती मोफत होते, अर्ध्या तासात. पैसे मागणारी हुबेहूब दिसणारी संकेतस्थळं बरीच आहेत, पत्त्यात शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे का ते बघा. ही नोंदणी करायचं सुचलं ते ऑफिसमुळे. मार्च २०२४ मध्ये आम्ही लहान पुरवठादारांची सगळी थकलेली बिलं घाईनं चुकती केली होती, कारण सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ठरल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी आयकरात धरता येत नाही, असा आयकर कायद्यातल्या ४३बी(एच) चा नियम लागू झाला होता. तेव्हा मी पैसे देणाऱ्या बाजूला होते. आता माझंही बिल त्याच नियमात बसत होतं.

फेब्रुवारीत दुसरी एजन्सी मिळाली, १ रुपया २० पैसे दराची. मी हरखून दोन्हीकडचं काम घेतलं. एका रात्री पावणेदोनपर्यंत बसले आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात एक डेबिट नोट चुकीच्या पार्टीला टाकली. संध्याकाळी ताळा जमवताना माझ्याच लक्षात आलं, दुरुस्त केलं, पण साहेबांचा जुलैतला प्रश्न कानात घुमला. मी स्वतः जाऊन त्यांना सांगितलं. ते रागावले नाहीत, ‘लक्ष ठेवा’ एवढंच म्हणाले. त्या दिवशी कॅलेंडरवर ऑफिसच्या मुदतींना लाल पेनानं खुणा केल्या: ७ तारीख टीडीएस भरणा, ११ आणि २० तारीख जीएसटीची विवरणपत्रं (जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी). या तारखांच्या आधीचे तीन-तीन दिवस बाहेरचं काम नाही. कामाच्या दिवशी रात्री नऊ ते अकरा, फार तर ५०० शब्द. निळ्या पेनानं पाण्याचे दिवस. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं, कधी रात्री साडेदहाला, आणि आलं की टाकी, पिंप, कळशा भरेपर्यंत दुसरं काही सुचत नाही. एजन्सीला हे सांगत बसत नाही, फाइल घेतानाच मुदत एक दिवस पुढची मागते. बहुतेक वेळा मिळते.

दुसऱ्या एजन्सीचं बिल होतं २८ फेब्रुवारीचं, ९,४५० रुपये. मध्य एप्रिलला पैसे यायला हवे होते. आले नाहीत. तीन मेल केले, ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढंच उत्तर. एप्रिलच्या उकाड्यात, वीज गेलेली असताना मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसून जागलेल्या रात्रींचेही पैसे असेच अडकणार का, या विचारानं जीव कासावीस व्हायचा. मे महिन्याच्या शेवटी चौथा मेल लिहिला, अगदी सभ्य भाषेत. बिल क्रमांक, तारीख, काम स्वीकारल्याचा त्यांचाच मेल, माझा उद्यम क्रमांक, आणि एक वाक्य: लहान उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा, २००६ च्या कलम १५ आणि १६ प्रमाणे मुदतीनंतर चक्रवाढ व्याज लागू होतं आणि सरकारच्या समाधान पोर्टलवर थकलेल्या बिलाची तक्रार करता येते. ६ जूनला पूर्ण रक्कम जमा झाली. व्याज मी मागितलं नाही. त्यांचं काम पुन्हा घेतलंही नाही.

त्या सुमारास कामाचं रूपही बदलत होतं. आता माझ्याकडचं निम्मं काम यंत्रानं केलेलं भाषांतर सुधारून देण्याचं असतं, दर ४५ पैसे. आधी वीस ओळी बघते. मराठी सरळ असेल तर घेते. प्रत्येक वाक्य मोडून नव्यानं लिहावं लागणार असेल तर पूर्ण दर मागते, नाही दिला तर सोडते. या वीस ओळी बघितल्याशिवाय कधीही हो म्हणू नका.

मार्च २०२५ अखेर बिलं झाली ४०,९८६ रुपयांची. त्यातली पहिल्या एजन्सीची ३१,५३६, त्यावर टीडीएस ३,१५४. तेव्हा आयकराच्या १९४जे कलमाखाली वर्षाला ३०,००० च्या वर टीडीएस लागायचा, १ एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा ५०,००० झाली. रिटर्न मात्र बदलतं. पगारदारांचं आयटीआर-१ चालत नाही, कारण आता व्यवसायाचं उत्पन्न आहे. सीएंनी आयटीआर-३ भरलं, फी २,०००. लॅपटॉपचा घसारा (वापरानं दरवर्षी कमी होणारी किंमत) आणि इंटरनेटचा निम्मा खर्च वजा धरला, त्यासाठी पावत्या जपून ठेवल्या होत्या. जुन्या कररचनेत राहायचं असेल तर व्यवसायाचं उत्पन्न असणाऱ्यांना मुदतीत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. मी नव्या रचनेत आहे. माझं एकूण उत्पन्न करपात्र होत नाही, पण तुमचं होत असेल तर बाहेरची कमाई ऑफिसला कळवा. पगारातूनच जादा टीडीएस कापून घेता येतो आणि आगाऊ कराची धावपळ वाचते. सेवांसाठी जीएसटीची मर्यादा वर्षाला २० लाखांची, तिच्या जवळपासही मी नाही. त्या वर्षी रिटर्नची मुदत ३१ जुलैवरून आधी १५ आणि मग १६ सप्टेंबरपर्यंत वाढली. माझं ९ सप्टेंबरला भरून झालं, त्याच दिवशी आधार ओटीपीनं पडताळणी केली, आणि २४ तारखेला ३,१५० रुपये परतावा खात्यात आला.

परवानगीची मुदत ऑगस्टमध्ये संपत होती. जुलैतच नवा अर्ज दिला, सोबत वर्षभरात माझ्या किती रजा झाल्या तो तक्ता जोडला. या वेळी साहेबांनी बोलावलं नाही, पाचव्या दिवशी पत्र टेबलावर होतं. अटी त्याच, मुदत दोन वर्षं. आता महिन्याला नऊ ते अकरा हजार पडतात आणि मुलीच्या क्लासची फी हप्त्यांत जाते. सध्या रुग्णालयाच्या संमतिपत्राची ३,१०० शब्दांची फाइल हातात आहे, मंगळवारी सकाळी द्यायची. सोमवारी पाण्याचा दिवस, म्हणून रविवारीच संपवणार आहे. ‘भूल’ शब्दाशी अडले आहे. रुग्णाला हा शब्द आधी कळायला हवा, त्या कागदाखाली त्याची सही होणार आहे. आज रात्री आईंना वाचून दाखवते.